टेकवायची कशावर?

ट्रेलर फाटकाबाहेर पडला, जीपनं निरोपाचा हॉर्न दिला, आणि मग सुताराच्या बायकोच्या तोंडून निघालं, “अहो, पण बोट टेकवायची कशावर?”

अंगणातल्या सगळ्यांनी खाली पाहिलं. बोट अधांतरी होती. तिच्या पोटाखालून चार जाड पट्टे काढले होते आणि प्रत्येक पट्ट्याची दोन टोकं समोरासमोरच्या दोन माणसांच्या खांद्यावर होती. सुताराची बायको बोटीचं पुढचं टोक धरून होती, झोके बसू नयेत म्हणून. ट्रेलर उसना आणलेला, मालक तो घेऊन पसार झाला. खाली जमिनीवर ठेवावी, तर बुडाखालचा इंजिनाचा पंखा वाकणार. आधी लाकडी घोड्या मांडायच्या, मग बोट उचलायची, हे शेंबड्या पोरालाही कळतं. इथे घोड्यांचा पत्ताच नव्हता.

“घोड्या धाकट्यानं आणायच्या होत्या,” सुतार आकाशाकडे बघत म्हणाला. “सांग त्याला.”

धाकटा भाऊ मेकॅनिक. तो त्याच पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, अगदी समोर उभा होता. तोही आकाशाकडे बघत म्हणाला, “वहिनी, त्यांना सांगा, लाकूडकाम सुताराचं असतं.”

“लोखंडाच्या करून आण म्हटलं होतं. वेल्डिंग कोण करतं? सांग त्याला.”

वडील गेल्यापासून दोघांचा अबोला होता. भांडण कशावरून झालं, ते आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं, पण रुसवा मात्र तोंडपाठ होता. वडिलांची मोटरबोट अंगणात कुजत पडली, तेव्हा वहिनीनंच ही टूम काढली. फळ्या थोरल्यानं बदलायच्या, इंजिन धाकट्यानं समोरच्या गॅरेजात दुरुस्त करायचं. तिला वाटलं, काम करता करता बोलतील. कसलं काय! थोरला कामाला गेला की धाकटा येऊन इंजिन बसवायचा. रस्त्याच्या या बाजूचा निरोप त्या बाजूला नेता नेता तिच्या चपला झिजल्या. आणि आज तर काम संपत आलं होतं. ट्रेलरमुळे झाकलेली बुडाची जागा तेवढी रंगवायची, की झालं. मग निरोपही संपणार. मग दोन घरांमध्ये उरणार काय, तर नुसता रस्ता.

“मी आता कुणाला काही सांगणार नाही,” ती म्हणाली. “माझे दोन्ही हात अडकलेत. तुमचं तुम्ही बघा.”

धाकटी जाऊ गॅरेजातून जुने टायर आणायला पळाली.

“लवकर आण गं पोरी,” मास्तर कण्हले. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेले हे शेजारी. उंचीप्रमाणे जोड्या त्यांनीच लावल्या होत्या, नाहीतर बोट कलली असती. दोघे भाऊ तसूभरही कमीजास्त नव्हते, म्हणून एका पट्ट्याला आले. “माझं कंबरडं गेलं. आधीच तोळामासा प्रकृती माझी.”

पट्टा खांद्यात रुतत होता. बोट हळूहळू एका अंगाला झुकायला लागली.

“दादा,” धाकटा म्हणाला, “खांदा वर घे जरा. तुझ्याकडे कलतेय.”

वहिनीनं श्वास रोखला. कितीतरी वर्षांत तो शब्द तिनं ऐकला नव्हता.

थोरल्यानं खांदा वर घेतला. मग म्हणाला, “मी नाही कललो. तूच उंच झालायस.”

“या वयात?”

थोरल्याला आधी नाकातून हसू फुटलं, मग धाकट्याला. बोट गदगदा हलली.

“हसू नका रे,” मास्तर ओरडले. “आमच्या पायावर येईल.”

“इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं म्हणे,” थोरला म्हणाला.

“छे, चांगलं घामटं काढलं त्यानं. पहिल्या झटक्याला, असं कोण म्हणालं?”

“हीच म्हणाली. आणि माझ्या फळ्या बघून तू तोंडात बोट घातलंस, असंही म्हणाली.”

“मी ‘बऱ्या आहेत’ म्हणालो होतो.”

दोघांनी एकदमच वहिनीकडे पाहिलं. वहिनी बोटीच्या टोकावरची नसलेली धूळ निरखायला लागली.

“तिनं मला सांगितलं, की तू माझ्या हाताला बाबांच्या हातासारखं वळण आहे म्हणालास,” धाकटा म्हणाला.

थोरल्यानं खांद्यावरचा पट्टा सावरला. “ते मी खरंच म्हणालो होतो.”

धाकट्यानं मान खाली घातली. नाक ओढलं. मग एकदम म्हणाला, “फळ्याही बऱ्या नाहीत, दादा. झकास आहेत. थेंब शिरायचा नाही आत. तू त्या वाकवल्यास तरी कशा?”

“वाफेवर. बाबांनी दाखवलं नव्हतं का? तू तेव्हा आंबट चेहरा करून पळाला होतास.”

“तू मला चुलीपाशी बसवलं होतंस, म्हणून.”

आणि मग जे सुरू झालं, ते थांबेचना. एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता. पट्टा खांद्यावर आहे, हेही दोघं विसरले. वहिनीचे डोळे भरून आले आणि पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तिनं ते तसेच वाहू दिले.

इतक्यात जाऊ फाटकातून आली. टायर घरंगळत आणून तिनं ते बोटीखाली सरकवायला घेतले. वहिनीनं आळीतल्या माणसांकडे पाहिलं. चेहरे लालबुंद, पाय लटपटत होते. मास्तरांच्या नाकावरून तर घामाच्या धारा लागल्या होत्या. तिला वाईट वाटलं. शेवटी माणुसकी म्हणून काही असतं. ‘टेकवा’ म्हणायला तिनं तोंड उघडलं.

मास्तरांनी घाईघाईनं मान हलवली.

“राहू द्या हो ते टायर,” ते कुजबुजले. “बोट खाली ठेवली, की हे दोघे आपापल्या घरी जातील.”