सगळा जोर

लॅपटॉप इतका का तापतो ते कळावं म्हणून दुरुस्तीवाल्या तांबोळींनी शर्वरीला दुकानातच रोजची कामं करायला बसवलं. ऑफिसचं काम झालं, सिनेमा लावून झाला. प्रोसेसरच्या वेगाचा आलेख ढिम्म.

तेवढ्यात बाबांचा व्हिडिओ कॉल आला. नेहमीप्रमाणे तो लॅपटॉपनंच घेतला. पडद्यावर लॅपटॉपनं तयार केलेली हुबेहूब शर्वरी गोड हसून त्यांच्या गुडघ्याची चौकशी करू लागली. आलेख थेट माथ्याला भिडला, पंखा घोंघावू लागला.

"सगळा जोर इथं लागतोय," तांबोळी म्हणाले आणि उगाचच स्क्रू शोधू लागले.

शर्वरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं ती नक्कल बंद केली.

"बाबा, मी बोलतेय. गुडघा कसा आहे?"

"आत्ताच सांगितलं ना गं! कामात दिसतेस. रोजच्यासारखी निवांत असशील तेव्हा बोलू."