पक्कं पाणी

रुचीने पाणी तपासायची पट्टी तिसऱ्या वाटीत बुडवली. मागे पाळण्यात तिची अडीच महिन्यांची मुलगी झोपली होती. आजच ती धुळ्याच्या दवाखान्यातून पारोळ्याला घरी आली होती. ओठांवरचा जांभळट निळा रंग ओसरला होता. तासाभरात ती भुकेने जागी होणार होती, आणि दुधाच्या पावडरीत कोणतं पाणी घालायचं, हे तोवर ठरायला हवं होतं.

ओट्यावर चार वाट्या होत्या. पहिलीत परसातल्या विहिरीचं कच्चं पाणी. दुसरीत तेच, एका उकळीवर उतरवलेलं. तिसरीत सासूबाईंचं, मोहनबाईंचं, तीन उकाळ्यांचं पक्कं पाणी. चौथीत नवऱ्याने, रोनकने, सकाळी विकत आणलेल्या जारचं.

डॉक्टर म्हणाले होते, "विहिरीचं पाणी बंद. शेजारच्या कांद्याला दिलेलं खत झिरपून तिच्यात उतरतं. त्यातलं नायट्रेट तान्ह्या रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही." मोहनबाईंनी शांतपणे मान डोलावली होती. विहिरीचं पाणी म्हणजे कच्चं पाणी, हाच अर्थ त्या जैन घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. पक्कं पाणी विहिरीचं उरतच नसे. ते अग्नीचं होई. म्हणून घरी येताच त्यांनी पातेलं चढवलं, तीन उकाळे घेतले, आणि या वेळी नातीच्या काळजीने पाणी निम्मं आटेपर्यंत खाली उतरवलं नाही.

जारकडे त्यांनी पाहिलंही नव्हतं. दुकानात चाळीस वर्षं गिऱ्हाइकांशी बोलून त्यांची मारवाडी केव्हाच अहिराणीत विरघळली होती. "ज्यानी जिवाणी परत देता येत नही," त्या रोनकला म्हणाल्या, "ते पाणी या घरमा नको."

जिवाणी म्हणजे पाणी गाळल्यावर फडक्यात राहिलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव. रोज सकाळी मोहनबाई ते फडकं गाळलेल्या पाण्यात खळबळून काढत आणि ते पाणी दोराने अलगद विहिरीच्या तळाशी सोडत. ज्या विहिरीतले जीव, त्याच विहिरीत. बाळंतपणं आली, मरणं आली. हा नेम चुकला नव्हता.

मग रुचीकडे न पाहता त्या पुटपुटल्या होत्या, "एखाद दिवस कच्चं राही गयं व्हई. पोर सांगस थोडीच."

रुचीला ती दुपार आठवली. मुलगी रडत होती आणि आपण पातेलं पहिल्याच उकळीवर उतरवलं होतं. तेव्हापासून ती उकळी तिच्या आत थांबायला तयार नव्हती. भावाने, पियुषने, पाठवलेल्या पट्ट्यांची डबी तिने खरं तर स्वतःचा गुन्हा मोजायला उघडली होती. डबीवर रंगांची उतरंड छापलेली होती: जितकं नायट्रेट जास्त, तितका गुलाबी गडद.

मिनिट सरलं. जारची पट्टी पांढरीच राहिली. पहिल्या दोन सारख्याच गुलाबी झाल्या. तिसरी जास्वंदीसारखी पेटली. रुची वाकून पाहत राहिली. भीतीपेक्षा कुतूहल मोठं झालं होतं.

पाठीमागून मोहनबाईंचं बोट आलं आणि त्या गडद पट्टीवर टेकलं. "हाई कच्चं. दिसी राह्यनं."

"ते तुमचं आहे, मम्मीजी," रुची हलकेच म्हणाली. "उकळून जीव मरतात. जे जिवंतच नाही, ते कशाने मरणार? पाणी वाफ होऊन जातं. नायट्रेट खाली साठत राहतं."

मोहनबाईंनी डबीतून नवी पट्टी काढली, स्वतःच्या हाताने स्वतःच्या पातेल्यात बुडवली, आणि पोथी वाचावी तशी डोळ्यांजवळ धरली. रंग चढत गेला.

"आणि त्या दुपारले तू एकच उकळीवर उतारेल व्हतं, ते?"

रुची चमकली. म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. "ते कच्च्याइतकंच. चालत तेही नाही. पण तुमच्याहून कमी."

पाळण्याचे घुंगरू वाजले. मुलगी जागी झाली होती. मोहनबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं, कपाटातून कोरं फडकं काढलं, रिकाम्या घागरीच्या तोंडावर ते दुहेरी घडी करून बांधलं. मग कमरेवर हात टेकत त्या जारपाशी गेल्या आणि तो कलता केला. धार फडक्यातून उतरू लागली.

फडकं वाटीत खळबळून, ती वाटी घेऊन मोहनबाई सवयीने परसात निघाल्या. विहिरीच्या कठड्याशी थबकल्या. दोर हातात घेतला, ठेवला. वाटी ओंजळीत धरून तशाच परत आल्या.

"बिनणी," त्या सुनेला म्हणाल्या, "रोनकले फोन लाव. त्याले इचार, या जारनी विहीर कोठे शे?"