आजी काही हसेना

न्यायाधीशपदावरून निवृत्त झाल्यापासून फिलोमेन आजी तोंड पाडून बसली होती, कारण आता तिच्यासमोर कुणी चळाचळा कापत नव्हतं. तिला खुलवायचं म्हणून तिच्या नातीच्या, केर्लिनच्या आईनं अख्खं घरदार सेंट लुशिया बेटाच्या पार दुसऱ्या टोकाच्या रिसॉर्टवर आणलं होतं. पण आजी ना समुद्राला हसली, ना जेवणाला. "हा निरफणस भाजलाय की नुसताच उन्हात बसवलाय?" एवढंच काय ते बोलली.

तिसऱ्या दिवशी उन्हानं टोमॅटो झालेली एक परदेशी पाहुणी थेट आजीपुढे उभी राहिली. "ए बाई, किनाऱ्यावर पाहुण्यांच्या बारीक वेण्या घालून देणारी तूच ना? माझ्या घाल की!"

केर्लिननं डोळेच मिटले. आई पुटपुटली, "मेलो आपण! आता आजी हिला आत टाकते."

आजीनं चष्म्यावरून पाहुणीला न्याहाळलं. मग घरातल्या पोरींना बसवते तसं तिलाही दोन गुडघ्यांत दाबून बसवलं. "मान खाली. बोलायचं नाही. हललीस तर याद राख!" पाठोपाठ फणीचा टोला बसला. वेण्या इतक्या करकचून घातल्या की बाईच्या भुवया कपाळावर चढल्या. पण आरसा बघून ती अशी काही हरखली, की मैत्रिणींना हाका मारत सुटली. बघता बघता वाळूत रांग लागली.



आजीनं फणी खुर्चीच्या दांड्यावर दोनदा आपटली, अख्ख्या सुट्टीत पहिल्यांदा हसली आणि गरजली, "पुढच्या आरोपीला हजर करा!"