मऊ ठोका

पोराच्या रॅपच्या अल्बमला बापाच्या कारखान्यातल्या पत्रा ठोकणाऱ्या प्रेस मशीनचा ताल होता. बापानेच तो फोनवर रेकॉर्ड करून आणून दिला होता. ना कंपनी, ना जाहिरात, तरी अल्बमने जाणकारांत हवा केली. पोराने मोठ्या हौसेनं हेडफोन बापाच्या कानांवर चढवले.

"बाबा, आता नीट ऐका. एक ठोका मऊ पडतो, मग आणखी दोन, आणि एकदम शांत! लोक याच जागेवर फिदा आहेत. मशीनने असं का केलं हो?"

बापाने हेडफोन काढून पोराच्या हातात दिले.

"पहिल्या ठोक्याला मशीनवरच्या माझ्या जोडीदाराचा हात आत होता. तुझ्यासाठी धरलेला फोन खाली ठेवून मी मशीन बंद करायचं बटण दाबेपर्यंत पुढचे दोन पडले."