चार्ज दिला

"चार्ज कशाचा दिलात, तेवढंच सांगा," चौकशीसाठी अलिबागहून आलेले वकील म्हणाले.

"शिफ्टचा," जनू म्हणाला.

रोह्याच्या केमिकल कंपनीतलं ते ऑफिस. टेबलावर प्लांटचं लॉगबुक उघडं होतं. पलीकडे प्रॉडक्शन मॅनेजर आणि दुसऱ्या शिफ्टचा तरुण इंजिनिअर सुशील. अलीकडे जनू ठाकूर, चौदा वर्षांपासूनचा जुना ऑपरेटर. पंधरा दिवसांपूर्वी, दुपारी तीनला शिफ्ट सुटताना त्यानं लॉगबुकात इंग्रजीत एक ओळ लिहिली होती : तीन नंबर, चार्ज दिला. सुशीलनं ती वाचली, तीन नंबरच्या रिॲक्टरमध्ये माल भरलाय असं समजून वाफ सोडली. रिॲक्टर रिकामा होता. आतलं काचेचं अस्तर तडकलं, आणि जनूला चार्जशीट मिळालं.

सकाळी पेणहून निघताना त्याची बायको बायजा म्हणाली होती, "हात जोडा. चुकलो म्हना. नोकरी तरी र्‍हाईल." जनूनं मान हलवली होती, पण हात जोडायला तो आलाच नव्हता.

"प्लांटमध्ये चार्ज म्हणजे माल भरणं," मॅनेजर म्हणाले. "कालच्या पोरालाही कळतं."

"व्हय साहेब. जरा मार्चातलं पान काढा. तुम्ही रजेवर गेलाव त्या दिवसाचं."

वकिलांनी पान काढलं. मॅनेजरच्याच अक्षरात लिहिलं होतं : कमळाकर यांना चार्ज दिला.

"कमळाकरसाहेबांना कोनी रिॲक्टरमधी नाय टाकला," जनू म्हणाला.

टाइप करणाऱ्या वैशालीबाईंनी पदर तोंडाला लावला. वकिलांनाही हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "मग कुठला चार्ज कुठला, हे ओळखायचं कसं?"

"किलोवरून. माल भरला का पुढं किलो लिवतात. सगळीच लिवतात. माझ्या ओळीत किलो हायत का बघा."

वकिलांनी चष्मा वर सारला आणि पानं मागे मागे उलटली. माल भरल्याच्या प्रत्येक नोंदीपुढे आकडा होता. जनूच्या त्या ओळीपुढे कोरा कागद होता. मॅनेजरनीही वाकून पाहिलं आणि खुर्चीत मागे टेकून बसले.

वकील इंग्रजीत मजकूर सांगू लागले. दोन ओळींनंतर वैशालीबाईंची बोटं थांबली. "सर, चार्ज दिला असा चार्ज आहे, की चार्ज दिला नाही असा चार्ज आहे?"

वकिलांनी तो कागद ओढून काढला आणि चुरगळला. "मराठीत लिहा, हातानं. आरोप सिद्ध होत नाही. माझा अहवाल तसाच जाईल."

"मग चूक सुशीलची," मॅनेजर म्हणाले.

सुशीलचा चेहरा उतरला. त्याला नोकरीला लागून सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. तो टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. जनूनं त्याच्याकडे पाहिलं. हेच वाक्य बोलून आपण पहिल्याच दिवशी सुटलो असतो, हे जनूला ठाऊक होतं. घरी त्याला तसं सांगणारेही कमी नव्हते.

"त्याची पन नाय," तो म्हणाला. "त्यानं लिवलेलं वाचलं. धरमतरला आमचं मिठाचं आगर हाय. वाफ्यात पानी घेतलं तर पानी घेतलं म्हनतात, वाफा दुसऱ्याच्या ताब्यात दिला तर ताब्यात दिला म्हनतात. दोन कामांना एकच शब्द आमच्यात कोन नाय वापरीत. काल माझी पोर डिक्शनरी घेऊन बसली. या चार्जचे अठरा अर्थ मोजलान तिनं, मग झोप आली तिला. बुक इंग्रजीतच भरायचं ही नोटीस ना माझी, ना याची."

नोटिशीवर सही मॅनेजरचीच होती.

"बरं," वकील म्हणाले, "मग त्या दिवशी काय लिहायला हवं होतं?"

जनूनं लॉगबुक आपल्याकडे फिरवलं, कोरं पान काढलं आणि सावकाश, मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलं : 'तीन नंबर रिकामा हाय. सुशीलसाहेबांच्या ताब्यात दिला.' मग पुस्तक सुशीलसमोर सरकवलं.

सुशीलनं ते दोनदा वाचलं. खिशातलं पेन काढलं, त्याच ओळीखाली एकच शब्द लिहिला आणि सही केली.

समजलं.