फुटक्या घंटेचं गाव

"ते आळशी बाईचं रडगाणं आज नको," बाळकृष्णराव स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले. "इंग्लंडहून बाई यायच्यात."

"पाप्पा दुसऱ्या गाण्यानं झोपतच नाही," वेंकूबाई नातीला पाळण्यात घालत आतून म्हणाल्या.

"मग राहू दे जागी."

इंग्रज जाऊन अकरा वर्षं झाली, तरी बाळकृष्णरावांच्या मनातून ते गेले नव्हते. तंजावरच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि तिकडच्या शंभर वर्षांपूर्वीच्या खेड्यांवर ग्रंथ लिहिला. चर्चमध्ये जमीनदार कुठल्या बाकावर बसे, पाद्री कुठल्या पायवाटेनं घरी जाई, सगळं पाठ. आपल्या वीथीतल्या घरांत मात्र त्यांना बोलण्याजोगं माणूस दिसत नसे. आणि घरात ही, दोनच ओव्या येणारी बायको!

मिस टर्नर आल्या. एल्मकोट नावाच्या खेड्यातल्या चर्चची जुनी दप्तरं त्या सांभाळत. त्यांनी शब्द टाकला तर ग्रंथ लंडनला छापला जाणार होता. पण ओसरीवर बसताच त्यांनी वेगळंच काढलं.

"आमच्या पाद्र्याची मुलगी ॲलिस १८५२ साली मिशनबरोबर इथं आली आणि इथल्या एका मराठी माणसाबरोबर निघून गेली. बाप मरेपर्यंत रोज तिच्यासाठी घंटा वाजवायचा. ती घंटा ॲलिसच्या लहानपणापासूनच फुटकी, तरी तीच. ती ज्या घरात गेली, ते घर सापडेल का हो?"

बाळकृष्णराव नाक मुरडून हसले.

"आमच्यात? मॅडम, असली बाई उंबऱ्याच्या आत आली असती तर घर बाटलं असतं. ठेवली असेल कुणा घोडेवाल्यानं. तसल्या लोकांची चौकशी मी करत नाही. आमच्या घरातल्या सुना ऐका. आई राजलक्ष्मी, आजी चंद्रमती, पणजी गंगाबाई. पणजी तर परक्याच्या हातचं पाणी घेत नसे!"

आत पाप्पा रडली. पाळणा करकरला.

*आळसबाई गं आळसबाई, येळकोट तुझं गाव,*
*फुटकी घंटा साद घाली, घेई तुझं नाव...*

मिस टर्नर खुर्चीतून अर्धवट उठल्या. "काय गातायत त्या?"

"काही नाही. खंडोबाचं काहीतरी..." बाळकृष्णराव बोलता बोलता उठले. मग ते आत ओरडले, "अगं, कुठून उचललंस हे?"

पाळण्याची दोरी थांबली नाही.

"अय्यो, उचलायचं काय त्यात? तुमच्या आईनं शिकवलं, त्यांना त्यांच्या सासूनं. माहेरची आठवण येऊन गंगाबाईंनीच रचलं ना हे?"