कुंडलिकची फेरी

"कुंडलिक जॉबर आता घरी सापडंल का?" रावजींनी पानवाल्याला विचारलं.

"घरी?" पानवाला हसला. "गिरणीचा भोंगा झाला की गडी दारूच्या दुकानांत. ह्या रस्त्याला सात हायती. कुटल्या तरी एकात गाठा."

रावजी दुपारच्या गाडीने केमहून आले होते. कुंडलिक गिरणीत जॉबर, म्हणजे मजुरांवरचा मुकादम होता. त्याची मुलगी चांगुणा त्यांच्या मुलाला, जालिंदरला, मध्यस्थामार्फत सांगून आली होती; दोन्ही घरांनी एकमेकांना अजून पाहिलं नव्हतं. मुलीचं घर बघायचं, भवानी पेठेत चार ठिकाणी विचारायचं आणि मग होकार द्यायचा, असं ठरलं होतं. रावजींच्या घरात तीन पिढ्या कोणी दारूला शिवलं नव्हतं. जालिंदर वर्षभर इथल्याच गिरणीत होता, तरी सुपारीसुद्धा खात नाही, हे ते गावात अभिमानाने सांगत.

"त्यो बघा," पानवाल्याने बोट दाखवलं.

कुंडलिक समोरच्या दुकानातून बाहेर पडत होता. एका झिंगलेल्या माणसाचा हात त्याच्या गळ्यात होता. दोघे डुलत बोळात शिरले. पाव तासाने कुंडलिक एकटा परतला आणि शेजारच्या दुकानात गेला.

एवढं पुरे होतं. नकार तोंडावर सांगावा म्हणून रावजी त्याच्या घरी गेले. नाव-गाव सांगितल्यावर चांगुणाने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पाणी आणून दिलं.

"बाबा दुकानांवर गेल्यात."

"आन् हे मान वर करून सांगतीस?"

"मग काय खाली घालून सांगू, मामा?" ती म्हणाली. "शिमग्याला हितं भोसकाभोसकी झाली. एक गडी गेला. तवापासनं बाबा रोज फिरत्यात. झिंगलेल्याला आणखी द्यायची न्हाय, आमच्या बाबांना हाक मारायची, असं साती दुकानदारांकडनं त्यांनी कबूल करून घेतलंय. मग ज्याला त्याला घरी पोचवत्यात. आठ महिनं झालं, साधी मारामारी न्हाय."

"आन् सोता?"

"बाबा? ताडीचा थेंब न्हाय."

 रावजींनी पिशवीतला नारळ काढून तिच्या ओंजळीत ठेवला.

"सोयरीक पक्की. अशा बापाची लेक आमच्या घरात येतीया, गावाला सांगाय छाती फुगंल माझी. आन् माझं पोरगं बी तुज्या बापाला शोभंल असंच हाय."

तेवढ्यात कुंडलिक एका तरुणाला खांद्यावर घेऊन आत आला.

"चांगुणा, घोंगडं टाक. रोजचाच हाय. आज खोलीपर्यंत चालवंना."

तरुणाला भिंतीशी टेकवून त्याने पाहुण्याला हात जोडले. "माफ करा हां. आपण कोण?"

रावजी उठून त्या तरुणाच्या चेहऱ्याकडे वाकले. तरुणाने जड पापण्या उघडल्या.

"आबा," तो म्हणाला, "तुमी हितं कसं?"